न चाखलेलं दूध

मे महिना लागला की नांदेडात दुपारी रस्ते ओस पडतात, आणि माझं सगळं लक्ष आमच्या फ्रिजकडे जातं. एरवी तो घरात आहे हेसुद्धा मी विसरते. पण उन्हाळ्यात वीज गेली आणि त्याची घरघर थांबली, की मी हातातलं काम टाकून उठते. पंखा थांबल्याचं काही वाटत नाही. पंख्यावाचून आजवर मेले नाही. फ्रिज गप्प झाला की मात्र मी घड्याळ बघते, कॅलेंडरच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवते आणि घरात जाहीर करते, कुणी दार उघडायचं नाही. "आईंची संचारबंदी लागली," सून हसत म्हणते. नातीला तर त्यात खेळच सापडलाय. ती मुद्दाम दाराच्या मुठीला बोट लावते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी खेकसते, मग मलाच वाईट वाटतं. सात वर्षांच्या पोरीला काय सांगू की मला कशाची भीती वाटते ते?

परवा सुनेनं अर्धापूरची केळी आणली. डझनभर, पिवळीधम्मक. उन्हाळा आहे म्हणून तिनं ती फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी साली काळ्याठिक्कर. "एवढ्या गारव्यात कशी हो खराब झाली?" म्हटलं, बाई, गारव्यानंच झाली. केळीला थंडी बाधते. दूरदेशी जाणारी केळी गार डब्यांच्या गाड्यांतून तेरा-चौदा अंशांवर नेतात. त्याखाली गेली की संपलं. दूध चार अंशांवर खूश, केळीला तिथं हुडहुडी भरते. थंड म्हणजे चांगलं, एवढं सोपं नसतं. सून म्हणाली, "तुम्हाला सगळ्याचे अंश पाठ!" पाठ आहेत खरे. ज्या नोकरीत पाठ झाले त्या नोकरीचा पहिला उन्हाळा मी फारसा कुणाला सांगत नाही.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. पाट्यांवरचा रंग ताजा, कचेऱ्या मात्र भाड्याच्या घरांत. एका कचेरीत तर साहेबांच्या खुर्चीमागं मालकाच्या देवघराचा कोनाडा होता. कागद जुन्या जिल्ह्यात पाठवायचा की नव्या, हे कारकुनांनाही नीट ठाऊक नसायचं. आणि त्यात दुष्काळ. एसटीत माणसं म्हणायची, "जिल्हा दिला हो, पानी कुटं दिलं?" विहिरींच्या तळाशी चिखल वाळून भेगाळला होता. कडब्याची पेंढी दिसली की म्हातारी माणसं थांबून तिच्याकडे बघायची. अशा वेळी मी, सुमन वाघमारे, बिलोलीच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मुलगी, बी.एस्सी. होऊन उदगीरच्या रस्त्यावरल्या एका दूध गार करायच्या केंद्रावर तपासनीस म्हणून रुजू झाले. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी करणारी बाई. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वस्तीत पेढे वाटले. मला एसटीत बसवून परत जाताना त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं.

केंद्र म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, एक यंत्रघर, एक मोठी चकचकीत टाकी आणि माझं टेबल. सकाळी आसपासच्या गावांहून जीपगाड्या यायच्या, दुधाच्या कॅन खणखणत उतरायच्या. मी तपासायचं, दूध मोजून आत जायचं, बर्फाच्या पाण्यानं गार व्हायचं आणि टाकीत थांबायचं. दुपारी लातूरचा टँकर ते घेऊन जायचा. टँकर म्हणजे चाकांवरचा भलामोठा थर्मासच. त्याला आत यंत्र नसतं. गार भरलं तर गार राहतं, कोमट भरलं तर कोमट. यंत्रघर सांभाळायचे बिराजदारमामा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलण्यात निम्मं कानडी. माझ्या डब्यातलं ते कधी खायचे नाहीत, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. "बाई, थंडी जंतूला मारत न्हाई. झोपवती. जाग आली की त्यो लई भुकेला उठतोय." मग यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "ह्याची घरघर हाय तोवर त्यो झोपतोय. ही अंगाई समजा."

मला हसू आलं होतं. आता येत नाही.

त्या उन्हाळ्याचे वास अजून नाकात आहेत. गरम पत्र्याचा. यंत्रघरातून येणारा नाक झोंबवणारा अमोनियाचा. आणि झाकणांचा. कॅनचं झाकण उघडताच ते नाकाशी न्यायचं, कारण दूध बिघडायला लागलं की त्याची पहिली चाहूल झाकणात असते. पण नाकानंतर जीभ. आम्हाला शिकवलंच तसं होतं. आधी नाक, मग जीभ, मग काचेच्या नळ्या. पळी कॅनमध्ये बुडवायची, दोन थेंब तळहातावर घ्यायचे, जिभेला लावायचे आणि थुंकून टाकायचे. पळीला तोंड लागतही नाही. काही खोड्या अशा असतात की त्या नाकाला कळत नाहीत आणि नळीलाही फसवतात. जीभ मात्र ओळखते. एक गुलाबी रंग दाखवणारं औषध होतं, त्यानंही कळायचं. ते संपलं होतं. मागणीचा कागद दोन जिल्ह्यांच्या मधे कुठंतरी फिरत होता.

रुजू होऊन आठवडा झाला असेल. एका गावच्या दूधसोसायटीचे सचिव माणिकराव स्वतः जीपमधून उतरले. पांढरं धोतर, गोड बोलणं. मी त्यांच्या कॅनमध्ये पळी बुडवणार, तोच त्यांनी हात जोडले. "ताई, ऱ्हाऊ द्या की. तुमाला वासावरूनच कळतंय, शिकलेली मानसं तुमी. आमच्या गावात म्हातारीकोतारी हायत, उगं बोभाटा व्हईल. कॅनी माघारी गावातच जात्यात की." मी पळी हवेतच धरून उभी राहिले. मला कळलं. न कळायला काय झालं? माझी आजी आडाच्या कडेला ओंजळ पसरून कुणी पाणी वाढतंय का याची वाट बघत उभी राहायची, त्याच घरातली मी. आणि तरी मी पळी खाली ठेवली. त्यांनी दरडावलं असतं तर मी भांडले असते, माझी जीभ काही कमी धारदार नाही. त्यांनी गोडीनं मागितलं. आणि खरं सांगायचं तर मी भ्याले. सतरा घरं पालथी घातल्यावर मला एक खोली मिळाली होती, तीही कुणाच्या तरी शब्दाखातर. नोकरी नवी, गाव परकं, त्यात बोभाटा नको होता. त्यांच्या दहा कॅनींना मी तेव्हापासून नुसतं नाक लावायची आणि वहीत 'चव : ठीक' लिहायची. एवढंच. एवढंसंच खोटं.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, लातूरला राहायची. दाजी डाळमिलमध्ये कामाला. पाडव्याच्या सुमारास अक्काला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं. तिचा राहुल तेव्हा चार महिन्यांचा. त्याला पिशवीतलं दूध सुरू केलं. रविवारी मी गेले की अक्का बाटली हलवत म्हणायची, "घे रे, मावशीनं पाठवलंय." मला कोण अभिमान! मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की दूध चार अंशांवर कसं ठेवतात.

मग तो दिवस. साडेनऊला टाकी भरली आणि वीज गेली. यंत्र थांबलं. इतके दिवस ती घरघर कानात इतकी मुरली होती, की ती थांबताच मला माझ्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले. मामा म्हणाले, "बर्फाचं पानी हाय, दोन तास निभतंय." मी दर पंधरा मिनिटांनी तापमापी बघत होते. सहा. आठ. बाराला वीज आली, पण यंत्र गार ठेवायला पाणी लागतं आणि हौद कोरडा होता. पाण्याचा टँकर येणार येणार म्हणत दोन वाजले. चौदा. अठरा. एकवीस. बाहेर उन्हाच्या झळा वाहत होत्या, पत्रा तडतडत होता. केंद्राचे साहेब लातूरला मीटिंगला गेलेले. मी आकडा मोठ्यानं वाचायची आणि मामा दरवेळी "शिवा शिवा" म्हणायचे. मग त्यांनी मला मोठ्यानं वाचू नका म्हणून सांगितलं.

दोनला पाणी आलं. नळीतून गळेल तेवढं धरायला रोजच्यासारख्या पंधरा-वीस बाया फाटकाशी घागरी घेऊन जमल्या. यंत्र सुरू झालं, आणि चारच्या सुमाराला दूध पुन्हा पाच अंशांवर. लातूरचा टँकर दारात. ड्रायव्हर घाईत होता. मी नळीत दूध उकळून पाहिलं, फाटलं नाही. आंबटपणा मोजला, बरोबर. वास गोड. काही म्हणजे काही वाईट दिसत नव्हतं. त्यानंच मला धडकी भरली. दिवसभर एवढं तापलेलं दूध थोडं तरी कुरकुरायला हवं होतं. हे एवढं शहाणं कसं? पेन हातात घेतलं आणि डोळ्यांसमोर राहुल आला, बाटली दोन्ही हातांनी धरून पिणारा. मी उठले, टाकीत पळी बुडवली. टाकी कुणाच्या गावची नव्हती, तिथं कुणाचा बोभाटा होणार नव्हता. दोन थेंब जिभेवर ठेवले. आधी दुधाची गोडी, आणि मागून बुळबुळीत, साबणासारखं काहीतरी.

सोडा. खायचा सोडा.

"मामा, कुणीतरी सोडा घालतंय." मामांनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "माणिकरावच्या कॅनी तुमी चाखता का?" मी नकारार्थी मान हलवली. "मला ठावं हाय," मामा म्हणाले. एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आपल्याकडे नासलेल्या दुधाचं भय नसतं. नासलेलं दूध प्रामाणिक असतं. आंबतं, फाटतं, ओरडून सांगतं की मी बिघडलोय. साखर घालून आपण ते खातोही. पण बिघडू लागलेल्या दुधात सोडा घातला की त्याचं तोंड बंद होतं. आंबटपणा जातो, जंतू तसेच राहतात. मग दिवसभराच्या त्या उष्म्यात ते किती वाढले, काय काय सोडून बसले, कोण सांगणार? आणि वरून आम्ही ते पुन्हा गार करून गोजिरं केलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "अहो बाई, तिकडं लातूरला तापवतेतच की मशीनीत. सगळं मरतंय." जंतू मरतात. त्यांनी जाता जाता सोडलेलं विष कधीकधी तापवूनही मरत नाही. आणि मोठं माणूस एखादा दिवस पोट धरून निभावतं. सहा महिन्यांचं पोर काय करणार?

सही केली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. नाही केली तर विचारणार, बाई, हे आत आलंच कसं? दोन्हीकडं भीतीच होती. मी चिठ्ठीवर 'अयोग्य' लिहिलं. ड्रायव्हर डोक्याला हात लावून रिकामा टँकर घेऊन गेला. नियम होता, असं दूध आवारातल्या खड्ड्यात सोडायचं. मामांनी तोटी उघडली.

दुष्काळातल्या त्या भेगाळलेल्या जमिनीवर पांढरंशुभ्र, गार दूध पसरताना मी पाहिलंय. फाटकाच्या बायांनीही पाहिलं. क्षणभर कुणाचा विश्वासच बसला नाही. मग सगळ्या घागरी घेऊन आत धावल्या. "अगं सांडायलेत की! मस्ती आली का रं तुमाला?" मी आडवी गेले, हात पसरले, ओरडले, पिऊ नका, खराब आहे. एकीनं खड्ड्यापाशी बसून ओंजळ भरली, हुंगली. "कुटं खराब हाय? वास बघ की किती ग्वाड!" दुसरी काकुळतीला आली. "बाई, मी न्हाई पेत. कढी करीन. नासलेलं बी चालतंय आमाला." तिच्या कडेवर पोर होतं, ओठ फुटलेलं. मी आत पळाले, संडासातली फिनेलची बाटली आणली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुधात उपडी केली. तो उग्र वास उठला आणि बाया थांबल्या. त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं ते मी आजवर विसरले नाही. पाणवठ्यावरून हाकललेल्यांच्या घरातली मी, तहानलेल्या बायांच्या तोंडापुढं फिनेल ओतत होते. बरोबर करत होते, आणि बाटली रिकामी झाली तरी ती झटकत राहिले.

फ्रिज, गार गाड्या, गुदामं, यांचं मला आजही कौतुक वाटतं. आता नांदेडातल्या दुकानात कुठल्या कुठल्या मुलखाची सफरचंदं चैत्रात मिळतात, वाटाणा बारा महिने हिरवा. थंडीनं माणसाला केवढा अवधी मिळवून दिला! पण अवधीच. चांगलं आहे ते ती चांगलं ठेवते; वाइटाला चांगलं करणं तिच्या हातात नाही. ज्या माणसानं आधी चाखायचं, त्यानं चाखलं नसेल तर पुढची सगळी थंडी ते खोटं नीट सांभाळून घरोघर पोचवते. हे मला पुस्तकात सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणिकरावांच्या कॅनमध्ये पळी बुडवली. ते काही बोलायच्या आत मी विचारलं, सोडा घालता? ते चकित झाले, अपराधी मुळीच नाही. "आता बगा ताई, जीप दोन-दोन तास उशिरा येतीय, उनात दूध वळाय लागतंय. तुमी माघारी धाडलं तर बायाबापड्यांनी काय खावं? चिमूटभर सोडा. आपन भज्यात घालतोच की. इख थोडंच हाय?" कधीपासून? "ऊन लागलं तवापासनं. पाडव्यापासनं म्हना." तो माणूस वाईट नव्हता. मी त्यांच्या दहाही कॅन परत पाठवल्या. ते जाताना पुटपुटले, ते ऐकू आलं नाही असं दाखवलं. साहेबांना मी सगळं लिहून दिलं, चव न घेतल्याचंही. मग रजा टाकून लातूरची एसटी पकडली. मला कुणाला तरी सांगायचं होतं, मी पुष्कळ लेकरं वाचवली म्हणून. भीतीच्या तळाशी तेवढी फुशारकी उरली होती.

अक्काच्या घरी पोचले तेव्हा दुपार होती. राहुल रडून रडून निळा पडायची वेळ आलेली. अक्का त्याला वाटीतून तांदळाची पेज चाटवत होती. "सुमे, आज पिशव्याच आल्या न्हाईत. अख्ख्या गल्लीत न्हाईत. कुण्या मेल्यानं टँकर माघारी लावला म्हणं."

"मीच लावला, अक्का."

तिनं वाटी खाली ठेवली. मी सांगत सुटले. वीज, पाणी, एकवीस अंश, सोडा, फिनेल. मग माणिकरावांचे जोडलेले हात, मी न बुडवलेली पळी. ते सांगताना माझा आवाज खाली गेला. अक्का सातवी शिकलेली. ती सगळं ऐकत होती. राहुल पेजेनं गप्प होऊन माझ्या मांडीवर झोपला होता, तोंड उघडं टाकून.

तो वाढला, धडधाकट झाला, त्याच्या कानशिलावर आता पांढरे केस आहेत, हे आज मला सांगता येतं. त्या दुपारी ते सांगणारं कुणी नव्हतं.

"पाडव्यापासनं?" अक्कानं विचारलं.

"हं. म्हणाले तसं."

तिनं राहुलच्या तोंडावरची पेज पदरानं पुसली. "पाडव्यापासनंच ह्यो बाटलीवर हाय, सुमे," ती म्हणाली. "कालचं तू सांडलंस. मग परवाचं? त्याच्या आदलं?"

तिनं पोराला माझ्या मांडीवरून अलगद उचललं, त्याचं झबलं वर केलं, आणि आम्ही दोघी त्याच्या पोटावर हात ठेवून ते गरम लागतंय का बघत बसलो.